परातीवरचा हिरवा ठसा : रानछत्र्यांच्या ओळखीची कथा

आमच्या कार्तिक चौकातील जुन्या वाड्यात १९७० सालच्या श्रावणात एक प्रसंग घडला. त्याची आठवण घरात पुढे अनेक वर्षे दबक्या आवाजात काढली जाई. आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होतो. धाकट्या काकू सावंतवाडीकडच्या. लग्न होऊन त्यांना दोनच वर्षे झाली होती. चार दिवसांच्या झडीनंतर वाड्यामागच्या गवतात पांढऱ्याशुभ्र छत्र्या उगवलेल्या त्यांनी पाहिल्या आणि माहेरच्या आठवणीने त्यांना भरून आले. "ही तर आमच्याकडची अळंबी," असे म्हणत त्यांनी ओचा भरून त्या आणल्या. आजींनी नाक मुरडले, पण काकांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. ओल्या खोबऱ्याचे वाटण लावून भाजी झाली. काका आणि आम्ही तीन मुले आवडीने जेवलो.

दीड-दोन तासांतच एकेकाला उलट्या सुरू झाल्या. रात्री डॉक्टरांना बोलवावे लागले, सलाइन लावावे लागले. दोन दिवसांत सगळे हिंडूफिरू लागले, हे दैवाचे उपकार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना स्वयंपाकघरात आणखी एक गोष्ट दिसली. भाजीत न मावलेल्या दोन मोठ्या छत्र्या काकूंनी देठ काढून पितळी परातीत ठेवल्या होत्या. त्या उचलल्या तेव्हा परातीत त्यांच्याखाली फिकट हिरवी भुकटी पसरलेली होती. आजींनी निकाल दिला : परात कळकली, सुनेने कल्हई नसलेल्या पितळेत जिन्नस ठेवला आणि तेच विष पोरांच्या पोटात गेले. शास्त्राने वर्ज्य केलेला पदार्थ शिजवला हा एक दोष आणि भांड्याची निगा राखली नाही हा दुसरा. काकू काहीतरी सांगू पाहत होत्या, ते कोणी ऐकले नाही. त्यांनी त्यानंतर या घरात अळंबीचे नाव काढले नाही.

त्या परातीतल्या हिरव्या भुकटीचा अर्थ आम्हांला पंचावन्न वर्षांनी, गेल्या पावसाळ्यात कळला. तो कसा कळला हे सांगण्यापूर्वी, माणूस रानातली छत्री ओळखायला कसकसा शिकला याचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. या इतिहासात आपल्या उज्जयिनीचा कवी आहे, माळव्यात स्थिरावलेल्या आपल्यासारख्या घराण्यांचा प्रश्न आहे, आणि मराठी साहित्य संमेलनाचे एक अध्यक्षही आहेत, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या वाचकांना विशेष रुचेल.

प्रारंभ कालिदासापासूनच करू. मेघदूताच्या आरंभीच्या श्लोकांत यक्ष मेघाच्या गर्जनेचे सामर्थ्य सांगतो. त्या गर्जनेने पृथ्वी 'शिलींध्रां'नी भरून जाते आणि फलवती ठरते, असा तेथील आशय आहे. शिलींध्र म्हणजे भूछत्र, असा अर्थ अनेकांनी केला आहे. मेघगर्जना झाली की भूछत्रे उगवतात ही समजूत आपल्याकडच्या खेडोपाडी आजही ऐकू येते, तिच्याशी हा अर्थ चांगला जुळतो. परंतु मल्लिनाथाने शिलींध्र म्हणजे कंदली असे सांगितले आहे. म्हणजे जमिनीतून वर येणारे एक पावसाळी फूल. एका शब्दामागची वस्तू कोणती, या प्रश्नावर टीकाकार आणि अभ्यासक एकमत नाहीत. नाव हाती आहे, पण त्याचा धनी कोण, हे ठरत नाही. छत्र्यांच्या ओळखीतला मूळ पेच हाच आहे आणि तो आपल्याच नगरीच्या कवीच्या काव्यात उभा आहे.

धर्मशास्त्राने हा पेच एका फटक्यात सोडवला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा यांच्या पंक्तीला 'कवक' बसवले आहे आणि ते द्विजांना अभक्ष्य ठरवले आहे. पुढे 'छत्राक' या नावाने त्याचा पुन्हा निषेध केला आहे. आमच्या आजींचा आधार हाच होता. सरसकट निषेध केला की ओळखण्याची गरजच उरत नाही. वैद्यकाला मात्र असे करून चालणार नव्हते. चरकसंहितेत सर्पच्छत्रक तेवढे वगळून इतर छत्रजातींचे गुण सांगितले आहेत : त्या थंड, गोड, पचायला जड आणि पडसे वाढवणाऱ्या. म्हणजे एक जात टाळावी आणि बाकीच्यांचा विचार करावा, इतका विवेक तेथे दिसतो. सुश्रुताने त्याहून पुढची पायरी गाठली. त्याने छत्र्यांची विभागणी त्या कशावर उगवतात यावरून केली. पेंढ्यावरची ती पलालज, उसाच्या चिपाडावरची ती इक्षुज, शेणावरची ती करीषज, बांबूवरची ती वेणुज आणि नुसत्या जमिनीतली ती क्षितिज. ही पाच नावे वाचून आम्हांला प्रथम वाटले होते की ही पंडिती हौस असावी. पुढे नोकरीच्या निमित्ताने अरण्यप्रदेशात राहण्याचा योग आला, तेव्हा ही विभागणी किती व्यवहारी आहे हे उमगले.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत असताना काही काळ मंडला जिल्ह्यात होतो. आषाढ-श्रावणात तेथील आठवडी बाजारात गोंड आणि बैगा स्त्रिया पळसाच्या पानांवर 'पिहरी' विकायला बसत. लांबलचक मुळासारख्या देठाची, मधोमध टोक असलेली ही छत्री. आम्ही एकदा एका वयस्क बाईंना विचारले, की ही खाण्याची आणि ती विषारी, हे तुम्ही कशावरून ठरवता? त्यांनी छत्रीच्या रंगारूपाबद्दल एक शब्दही काढला नाही. उलट आम्हांलाच विचारले, "साहेब, ती कुठे उगवली होती ते पाहिलेत का?" वारुळाच्या पोटातून ती वर आलेली असली पाहिजे, देठ खणत गेले की वाळवीच्या घरापर्यंत पोचले पाहिजे, आणि आपल्या हाताने उपटलेली असली पाहिजे, दुसऱ्याने आणून दिलेली छत्री त्या ओळखतही नसत आणि घेतही नसत. सुश्रुताने ग्रंथात जे मांडले तेच ज्ञान या बाईंच्या बोटांत होते.

विज्ञानाने या पिहरीला टर्मिटोमायसीस असे नाव दिले. हा गण फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली स्थापन केला. वारुळातील वाळवी चावलेल्या पानाकाड्यांचे एक जाळीदार पोळे रचते आणि त्यावर ही बुरशी अक्षरशः जोपासते; बुरशी लाकूड-पाचोळा पचनी पाडते आणि वाळवी तिच्यावर जगते. पाऊस पुरेसा झाला की त्या भूमिगत शेतातून लांब देठ वर चढतो आणि टोकदार छत्रीने माती फोडतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला ज्या अळंबीची वाट पाहिली जाते, गोव्यात जिला अळमी म्हणतात, ती प्रामुख्याने हीच. काकूंच्या माहेरची अळंबी ती हीच.

आता युरोपाकडे वळू. तेथेही शेकडो वर्षे छत्र्यांचे नाते सडण्याशी, सापांशी आणि जादूटोण्याशी जोडलेले होते. फ्लॉरेन्स येथील पिएर आंतोनियो मिकेली यांनी १७२९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात छत्र्यांच्या सूक्ष्म बीजाणूंचे वर्णन केले आणि ते पेरून पुन्हा बुरशी उगवते असे प्रयोगाने दाखवले. छत्री ही सडलेल्या वस्तूतून आपोआप उद्भवत नाही, तिलाही बीज आहे, हा मोठा सिद्धान्त यातून उभा राहिला. त्यानंतर स्वीडनचे एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या महाग्रंथात छत्र्यांना शिस्त लावली. छत्रीच्या खालच्या बाजूला पोथीच्या पानांसारखे जे पातळ पडदे असतात, त्यांना आपण माशाच्या उपमेने कल्ले म्हणतो. हे कल्ले असणाऱ्या छत्र्यांची संख्या अफाट. फ्रीस यांनी त्यांची वाटणी बीजाणूंच्या रंगावरून केली : पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट आणि काळा. वरची छत्री उन्हापावसाने रंग बदलते, वयाने आकार बदलते. बीजाणूंचा रंग मात्र बदलत नाही. सरकारी दप्तरात माणसाचा पोशाख नोंदवत नाहीत, अंगठ्याचा ठसा घेतात, तसाच हा प्रकार.

हा ठसा घ्यायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद घ्यावा, देठ काढून छत्री कल्ले खाली करून त्यावर ठेवावी, वर एखादे भांडे पालथे घालावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी कागदावर कल्ल्यांची रेघन्‌रेघ उमटलेली असते. पांढरे बीजाणू काळ्या भागावर दिसतात आणि गडद बीजाणू पांढऱ्या भागावर. एवढ्यावर जात ठरत नाही, परंतु मोठमोठे वर्ग एका रात्रीत वेगळे होतात. त्याला आणखी तीन गोष्टींची जोड द्यावी लागते : देठाला कडे आहे का, देठाच्या बुडाशी मातीत वाटीसारखे आवरण आहे का, आणि कल्ले देठाला चिकटलेले आहेत की सुटे आहेत. बुडाची वाटी पाहण्यासाठी छत्री मुळासकट उकरावी लागते. जो वरून तोडून घेतो, तो पुराव्याचा सर्वांत महत्त्वाचा कागद जमिनीतच ठेवून येतो.

हिंदुस्थानातील छत्र्यांची शास्त्रीय नोंद प्रथम परक्या हातांनी झाली. जोसेफ हूकर यांनी सिक्कीमच्या डोंगरांतून जमवलेले नमुने इंग्लंडात गेले आणि तेथे बर्कले यांनी १८५० च्या दशकात त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. इथली माणसे वाट दाखवत आणि ओझी वाहत. नाव ठेवण्याचा अधिकार समुद्रापलीकडे होता. तो अधिकार हाती घेणारा पहिला हिंदी माणूस कोण? कवकशास्त्राचे इतिहासकार या ठिकाणी १८८५ हे साल आणि डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे नाव देतात. या देशातील बुरश्या आणि छत्र्या स्वतः जमवून स्वतः ओळखणारे ते पहिले भारतीय मानले जातात.

कीर्तिकर (१८४९-१९१७) हे मुंबईचे, पाठारे प्रभू ज्ञातीतले. लष्करी वैद्यकीय सेवेत ते लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत चढले आणि लंडनच्या लिनियन सोसायटीचे सभासद झाले. मुंबईत १८८३ साली निसर्ग इतिहास संस्था स्थापन झाली होती आणि तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते. त्याच संस्थेच्या नियतकालिकात कीर्तिकरांनी मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर दीर्घ लेखमाला लिहिली. मेजर वामनदास बसू यांच्याबरोबर त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली, प्रयागच्या पाणिनि कार्यालयाने प्रसिद्ध केला. वनौषधींच्या अभ्यासकांना तो आजही परिचित आहे.

परंतु हेच कीर्तिकर कवी होते. टेनिसनच्या 'प्रिन्सेस' या काव्याचे त्यांनी केलेले मराठी रूपांतर 'इंदिरा' या नावाने १८८४ मध्ये निघाले. म्हणजे ज्या वर्षी ते स्त्रीशिक्षणाचा विषय असलेले काव्य मराठीत आणत होते, त्याच्या दुसऱ्याच वर्षाशी त्यांचे कवकसंशोधन जोडले जाते. पुढे १९०९ साली बडोद्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. बडोदे हे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी नगर. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९१७ मध्ये, संमेलन आपल्या माळव्यात इंदूरला झाले, हाही एक योगायोग. संमेलनाध्यक्षांच्या यादीत आम्ही त्यांचे नाव अनेकदा वाचले होते. छत्र्या ओळखणारे पहिले भारतीय म्हणून ते नाव दुसऱ्या यादीत दिसले, तेव्हा दोन कीर्तिकर असावेत असा आमचा समज झाला. माणूस एकच होता. शब्द पारखण्याची सवय आणि वस्तू पारखण्याची सवय एकाच माणसात नांदू शकते, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते.

कीर्तिकरांच्या नंतर हे काम संस्थांनी उचलले. बटलर आणि बिस्बी यांनी १९३१ साली हिंदुस्थानातील बुरश्यांची सूची प्रसिद्ध केली आणि विखुरलेल्या नोंदी एका ठिकाणी आल्या. पुण्यात श्री. ल. आजरेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी कवकशास्त्राची परंपरा उभी केली. त्यांचे नाव आजही तेथील कवकसंग्रहाला आहे. मालवणला जन्मलेले आणि कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ मध्ये आघारकरांचे नाव देण्यात आले. याच विज्ञानवर्धिनीने १९८० साली नैर्ऋत्य भारतातील कल्लेदार छत्र्यांवर एक प्रबंधग्रंथ काढला आणि त्यात साठे आणि देशपांडे यांनी महाराष्ट्रातील जातींची वर्णने दिली. सह्याद्रीच्या पायवाटांवर वर्षानुवर्षे तुडवल्या गेलेल्या छत्र्यांना अशा रीतीने नोंदवही मिळाली.

आपल्या मध्यप्रदेशाचाही या शास्त्रात एक मानाचा उल्लेख आहे. सागरजवळच्या पथरिया जंगलातील मातीतून एस. बी. सक्सेना यांनी एक अपरिचित बुरशी वेगळी काढली आणि १९५३ साली तिच्यासाठी स्वतंत्र गण करावा लागला. त्याला सक्सेनीया हे नाव मिळाले. ही बुरशी छत्रीची नव्हे, मातीतली सूक्ष्म बुरशी. परंतु मूठभर रानमातीत काय दडलेले असते याची ती साक्ष आहे.

आता गेल्या श्रावणातील प्रसंगाकडे येतो. आपल्या समाजातील काही तरुण मंडळींनी महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर पावसाळी पदयात्रा काढली. चंबळेचा उगम आणि परशुरामाचे स्थान म्हणून हा डोंगर प्रसिद्ध आहे. गुडघ्यांची तक्रार असतानाही आम्ही निघालो, कारण बरोबर काकूंची नात होती आणि ती वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. उज्जैनने पायी हिंडून पाहण्याचा धडा देणारा माणूस पाहिलेला आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर याच मातीतले. १९५७ साली भीमबेटकाच्या खडकांकडे त्यांनी वाट वाकडी केली नसती, तर आज जगाच्या वारशात गणली जाणारी ती चित्रे त्यांच्या वेळी विद्वानांसमोर आली नसती. चालताना खाली आणि बाजूला पाहावे, एवढा त्यांचा धडा आम्हीही त्या दिवशी गिरवला.

वाटेवर चार प्रकारच्या छत्र्या दिसल्या. पडलेल्या ओंडक्यावर पंख्यासारख्या, जवळजवळ बिनदेठाच्या पांढऱ्या छत्र्यांची उतरंड होती. गुरांच्या शेणावर बोटभर उंचीच्या, नाजूक राखाडी टोप्या होत्या. एका वारुळाच्या पायथ्याशी टोकदार छत्र्यांचा थवा होता. मुलीने एक देठ वीतभर खणत नेला, तरी त्याचे मूळ संपेना. आणि डोंगराच्या तळाशी, वाहने उभी करण्याच्या जागेलगतच्या गवतात, बशीएवढ्या पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचे अर्धवर्तुळ उभे होते. वर तपकिरी खपल्या, देठाला सुटे कडे. पाहताक्षणी आमच्या पोटात कालवले. आपल्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "ह्या तर खाण्याच्याच. किडे लागलेत पाहा. किडा खातो ते माणसाला चालते." दुसरे म्हणाले, की शिजवताना चांदीचे नाणे टाकावे, काळे पडले नाही तर खुशाल खावे.

मुलीने वडीलधाऱ्यांचा मान ठेवून, पण ठामपणे, दोन्ही नियम खोडून काढले. गोगलगाय आणि अळ्या ज्या छत्र्या निर्धास्त खातात, त्यांतील कित्येक माणसाला मारक असतात. चांदी, लसूण किंवा तांदूळ काळा पडण्याचा छत्रीतल्या विषाशी काही संबंध नाही. साल सोलता येते म्हणून, पांढरी आहे म्हणून किंवा वास चांगला येतो म्हणून कोणतीही छत्री निर्धोक ठरत नाही. तिने चारही नमुने वेगवेगळ्या कागदी पुड्यांत घेतले आणि त्या रात्री काकूंच्याच घरी, जेवणाच्या मेजावर, काळ्या-पांढऱ्या कागदांवर मांडून ठेवले.

सकाळी कागद पाहिले. ओंडक्यावरच्या छत्रीने पांढरट ठसा दिला होता, वारुळावरचीने फिकट गुलाबी. शेणावरची टोपी रात्रीत विरघळून शाईसारखी झाली होती आणि तिच्याभोवती काळी भुकटी होती. गवतातल्या छत्रीखालचा ठसा मात्र स्वच्छ फिकट हिरवा होता. अगदी तोच रंग. १९७० सालच्या परातीतला.

हिरव्या बीजाणूंची ही मोठी छत्री म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. मायर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१८ साली दक्षिण अमेरिकेतील आजच्या गयाना प्रदेशातून तिचे प्रथम वर्णन केले. जगातील उष्ण प्रदेशांत, गवताळ अंगणांत आणि हिरवळींवर ती सर्रास उगवते. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरे असतात, म्हणून फसगत होते. वय झाल्यावर ते हिरवट होतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. माणूस बहुधा वाचतो, पण मुलांचे अंगातले पाणी धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. त्या रात्रीचे आमच्या घरातले लक्षणन्‌लक्षण याच्याशी जुळते. परात कळकलेली नव्हती. छत्र्यांनी आपली ओळख स्वतःच्या हाताने परातीवर लिहून ठेवली होती आणि ती वाचणारे घरात कोणी नव्हते.

आमचे दैव खरोखरच थोर म्हणावे, कारण छत्री दुसऱ्या कुळातली असती तर हा लेख लिहायला आम्ही नसतो. अमानिता कुळातील काही जाती जिवावर बेततात. पांढरे बीजाणू, देठाला कडे आणि बुडाशी वाटी, ही त्यांची ठळक चिन्हे. त्यांतील विष शिजवून, वाळवून किंवा पाणी टाकून जात नाही. सर्वांत दगाबाज गोष्ट अशी, की सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबतात, रोग्याला बरे वाटू लागते. आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानातल्या छत्र्या खाऊन १३ जणांचा बळी गेला. त्यांत चहामळ्यांतील कष्टकरी कुटुंबे होती. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे : छत्री खाल्ल्यावर त्रास झाला तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये, उशिराने त्रास सुरू झाला असेल तर अधिकच घाई करावी, आणि उरलेली छत्री किंवा तिचे तुकडे बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. ठसा पाहून जात ओळखण्याचा छंद अवश्य करावा. त्या ओळखीच्या भरवशावर ताट मात्र मांडू नये.

या सर्वांतून आम्हांला विशेष जाणवली ती गोष्ट निराळीच. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आग्नेय आशियातून येऊन वसलेल्या कुटुंबांत अमानिताच्या विषबाधा वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे नववर्षाच्या भोजनानंतर दोघे दगावले; छत्री गोळा करणारा मूळ चीनचा होता. मायदेशी पेंढ्यावर उगवणारी जी चवदार छत्री ही माणसे जन्मभर खात आली, तिच्यासारखीच कोवळेपणी दिसणारी मारक छत्री त्यांना नव्या भूमीत भेटली. ही माणसे अडाणी नव्हती. उलट त्यांना आपल्या भूमीचे ज्ञान होते आणि तेच त्यांनी विश्वासाने दुसऱ्या भूमीवर वापरले. स्थलांतरित माणूस भाषा बरोबर आणतो, देव आणतो, सणवार आणि वाटणाची कृतीही आणतो. वनस्पतींची नावे तो बरोबर आणतो, पण वनस्पती मागेच राहतात. नव्या रानात ती नावे जवळपास दिसणाऱ्या वस्तूंना लावली जातात आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. छत्रीच्या बाबतीत बिघडते.

आपली घराणी शिंद्यांच्या काळात या माळव्यात आली. कोणी शिलेदार म्हणून आले, कोणी दप्तरात कारकून म्हणून, कोणी महाकालाच्या सेवेला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास दरबार ग्वाल्हेरीस नेला, तरी आपण क्षिप्रेच्या काठीच राहिलो. दोन शतकांहून अधिक काळ येथे राहूनही या मातीत पावसाळ्यात काय उगवते, हे आपण किती जणांनी इथल्या भिल्लांना आणि गोंडांना विचारले? आमचा स्वतःचा सेवाकाळ त्यांच्या जमिनीची मोजणी करण्यात गेला. त्यांच्या ज्ञानाची नोंद करण्याची सूचना कोणत्याही परिपत्रकात नव्हती आणि आम्हांला ती आपणहून सुचली नाही. ती उणीव आमची आहे.

तो हिरवा ठसा घेऊन आम्ही मेजावरून उठलो आणि देवघरात जपमाळ घेऊन बसलेल्या काकूंपुढे ठेवला. आता त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे. आम्ही सगळे सविस्तर सांगितले : परात चांगली होती, कल्हईचा काही संबंध नव्हता, चूक छत्रीच्या जातीची होती. त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला.

"अरे, वारूळ नव्हतं तिथे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे वारुळाशिवायची कोणी घेत नाही. आई नेहमी सांगायची. मी गवतातली घेतली. माहेरची आठवण आली म्हणून घेतली. दुसऱ्या दिवशी तेच सांगत होते मी सासूबाईंना."

आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या वतीने आम्हीच काकूंना नमस्कार केला. मंडला जिल्ह्यातील बाजारात आम्हांला जो प्रश्न विचारला गेला होता, त्याचे उत्तर आमच्याच घरात होते. सुश्रुताने ते लिहिले होते, सावंतवाडीच्या एका आईने ते आपल्या मुलीला शिकवले होते. नातीने ठशाच्या कागदावर दिनांक, ठिकाण आणि शास्त्रीय नाव लिहिले. खाली काकूंनी आपल्या हाताने एक ओळ लिहिली : वारूळ नाही, घेऊ नये. तो कागद आम्ही घरच्या दप्तरात, वंशावळीच्या पानांशेजारी ठेवला आहे.